शिळं वर्तमानपत्र

बर्फावरची साखळीगाडी महिन्यातून एकदा वर येते.
बटाटे, डिझेल, चीज,
आणि चीजभोवती गुंडाळलेलं तीन आठवड्यांपूर्वीचं वर्तमानपत्र.
ह्राचिक ते शेगडीशेजारी वाळवतो, तेलाचे डाग चुकवत वाचतो.
पूर्वी ग्युम्रीत बस चालवायचा. आता आमचा स्वयंपाकी,
आणि अरागात्सच्या या उतारावर, बत्तीसशे मीटरवर,
विज्ञानाच्या पानाचा एकुलता एक वाचक.

"डॉक्टर, सूर्य बाटलीत भरला म्हणे.
घातली त्याहून जास्त ऊर्जा निघाली."
घातली ती कुठून मोजली, ते विचार.
भिंतीतल्या प्लगपासून, की शेवटच्या किरणापासून?
खाशलामाचा हिशोब देताना
तू नुसतं मीठ धरतोस का?
तरी काम चोख आहे. त्यातली दोघं माझ्या ओळखीची,
वर्षानुवर्षं धड झोपलेली नाहीत.
तुझ्या नातवाच्या दिव्यापर्यंत यायला वेळ आहे, इतकंच.

"पाच मिनिटांत भरणारी बॅटरी."
शर्टाच्या बटणाएवढी. भरली, एकदा.
दुसऱ्यांदा भरली का, ते त्या डागाखाली असेल.

"प्रकाशाहून वेगवान कण."
केबल नीट खोचा म्हणावं.

"कृष्णविवर आपल्या दिशेने..."
नाही.

"समांतर विश्वं सापडली. क्वांटम संगणकात."
असतील बापडी.
तिथेही मार्चचा पगार मे महिन्यातच होत असणार.

ह्राचिक हसतो. वाळून कडकडीत झालेल्या लवाशवर
बोटांनी पाणी शिंपडतो, फडक्यात गुंडाळतो.
दहा मिनिटांत भाकरी पुन्हा मऊ.
बातमीचं तसं होत नाही.
इथे पोचेपर्यंत निम्मे शोध मागे घेतलेले असतात,
आणि मागे घेतल्याची बातमी
कुठल्याच चीजभोवती येत नाही.

मग तो विचारतो, अगदी साधेपणाने,
"तुमचं कधी छापून आलं नाही?"

आलं होतं.
चौऱ्याण्णव साली, हिवाळ्यात.
वीज दिवसाला दोन तास, तीही कुठले दोन ते सांगायचे नाहीत.
आमच्या काउंटरचे आकडे एका रात्री तीन टक्क्यांनी चढले,
आणि मी, तरुण, उपाशी, एका वार्ताहराशी बोलले.
मथळा होता: पर्वतावर ताऱ्यांचा निरोप.
निरोप कसला, जोडणीच्या डब्यात दव साचलं होतं.
आठवड्याने कळलं. मी वहीत लिहिलं, वरिष्ठांना सांगितलं.

आईला नाही सांगितलं.
भूकंपानंतर ती पत्र्याच्या डब्यात राहत होती,
तुझ्याच गावात, तुझ्याच बसच्या रस्त्यावर.
तिने ते कात्रण पत्र्यावर पिठाच्या खळीने चिकटवलं.
शेजारणी मेणबत्ती घेऊन यायच्या, वाचायच्या,
आणि आपापल्या थंड डब्यांत परत जायच्या
जरा ताठ होऊन.
ती गेली तेव्हा कात्रण काढायला गेले.
निघालं नाही. पत्र्याचा रंगच निघून आला.

ह्राचिक काही बोलत नाही.
डाव भांड्याच्या काठावर दोनदा आपटतो.

बाहेर ढग इतका खाली आलाय की कुंपण दिसत नाही.
मे महिना, आणि खिडकीच्या चौकटीला बर्फ टेकलेला.
माझ्या तळहातातून या क्षणी सेकंदाला दोन-तीन म्युऑन जातायत,
त्याच्याही, भांड्यातल्या बटाट्यांतूनही.
याची बातमी होत नाही. रोजचंच आहे.

आणि मग शेजारच्या खोलीतला टिकटिकाट
टिकटिकाट राहत नाही, कापड फाटल्यासारखा होतो.
पडद्यावरची रेघ उभी चढते.
वीज अजून पडलेली नाही. मेघगर्जनाही नाही.

"डॉक्टर?" तो दारात, हातात डाव.
"हे काय आहे?"

वेळ लिही आधी. अकरा वाजून सेहेचाळीस.
पुढे लिही: कारण माहीत नाही.

वही सापडेना, तर तो वर्तमानपत्राच्या समासातच लिहितो,
सूर्य आणि बाटलीच्या शेजारी,
बसचालकाच्या गोल, काळजीपूर्वक अक्षरात.
मग हळूच विचारतो,
"दव असेल?"

असेलही.
मी बूट चढवते, टॉर्च शोधते.
डबा उघडून बघायला हवा.