सदर दोन्ही नावे

आडगावच्या ट्रक टर्मिनलमागे, पंक्चरवाल्याच्या भिंतीला
टेकून माझं दुकान. एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर,
आणि जांभळं स्टॅम्पपॅड, जे मार्चात दर दुपारी वाळतं.

साडेपाचला रामनाथ सांगळे येतो, दोडीचा.
गाडी मोहाडीहून भरून आलेली,
चौदाशे क्रेट द्राक्षं,
बेनापोलच्या व्यापाऱ्याची.
बाहेर इद्रीस ताडपत्री आवळतोय
आणि मागच्या बाजूला वीतभर फट ठेवतोय,
घडांना श्वास हवा म्हणून.

इन्व्हॉइस तीन प्रती. पॅकिंग लिस्ट तीन.
कीड नसल्याचा सरकारी दाखला:
सदर मालात जिवंत कीटक आढळला नाही.
(काचेवर एक मुंगी फिरत होती. तिला मी फुंकर मारली.)

तेवढ्यात बनगावच्या एजंटाचा फोन.
लायसनवर रामनाथ, आधारवर रामभाऊ.
असं चालणार नाही, फाटकातून मागं पाठवतील,
आणि तिथं आधीच नऊ दिवसांची रांग आहे.

नऊ दिवस. रामनाथ गाडीकडे बघतो.
द्राक्षाला काय, त्याला रांग कळत नाही.

स्टॅम्प पेपर काढला. पगारे वकिलांना थांबवून ठेवलं.
मी टाइप करते, तो टोपी काढून उभा:
मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
रामनाथ व रामभाऊ ही सदर दोन्ही नावे
एकाच इसमाची असून…

"पुन्हा वाचा ना ताई."
वाचलं.
"लिहा तुम्ही. पण एक नाहीत हो ते.
रामभाऊ घरी असतो. त्याला चहात साखर कमी चालत नाही,
पोरीनं उलट उत्तर दिलं की दोन दिवस बोलत नाही.
गाडी चालवतो तो रामनाथ. त्याला काहीही चालतं."

हसले. खाली त्याची सही घेतली,
सहीत रामनाथ की रामभाऊ, काहीच वाचता येत नव्हतं.

माहेरची मी कौसल्या. सासरी ताटातल्या तांदळात
अंगठीनं वैजयंता लिहिलं, आणि झालं.
तेव्हा कुणी कागद मागितला नव्हता.

निघताना तो सांगतो, इच्छामतीच्या अलीकडे
पाण्याला जोल म्हणायचं,
फाटक ओलांडलं की परत पानी.
"एवढ्या लांब जाऊन आपलाच शब्द भेटतो बघा."
पिठाची पिशवी, शेंगदाण्याची चटणी, डासांची कॉइल,
एक जास्तीचा फॅनबेल्ट.
इद्रीस सहाही टायरांवर रॉड आपटून कान देतो,
वैद्य छातीला देतो तसा.

गाडी गेली.
मी लाइटबिलाची झेरॉक्स काढायला झाकण उचललं,
तर काचेवर उताणा पडलेला
कीड नसल्याचा मूळ दाखला. अजून कोमट.

त्याचा फोन बंद. इद्रीसचा लागेना.
शटर अर्धं ओढून स्कूटी काढली,
दाखला पोटाशी, ओढणीच्या आत.
ओझर मागं पडलं. विमानाच्या कारखान्याची भिंत संपता संपेना.
कंटेनर अंगावरून जायचे, तेव्हा स्कूटी आपोआप डावीकडे सरकायची.
इतकी वर्षं मी धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर
टाइप करतेय, आणि एवढ्या लांब
एकटी आजच आले, पिंपळगावच्या टोलपर्यंत.

तिसऱ्या लेनमध्ये दिसली ती वीतभर फट.
हॉर्न दाबून धरला.
इद्रीसनं खिडकीतून हात काढला,
कागद घेतला, कपाळाला लावला,
आणि खाली उतरून, लेन सुटायच्या आत,
ताडपत्रीत कोपरापर्यंत हात घालून
एक घड काढून माझ्या डिकीत ठेवला.

"अरे, माल मोजलेला आहे!"
मी ओरडले, पण गाडी हलली होती.

आता परत येताना तोंडात गोड, दात आंबलेले,
आणि पॅकिंग लिस्टच्या तिन्ही प्रतींत
निव्वळ वजन माझ्याच हातानं
अर्धा किलो खोटं.