राखण

मंद्रूपच्या माळावर सिद्राम पुजारीनं
दोन पिल्लं पुढ्यात सोडली.
एक धनगरी, घोंगडीच्या रंगाचं,
आल्या आल्या माझ्या चपलेवर बसलं
आणि चप्पल बापजाद्याची असल्यागत गुरगुरलं.
दुसरं कारवानी. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा,
नाक वाऱ्यात, माझ्याकडे पाठ.

"कारखान्याला पाहिजे तर हे घोंगडं न्या, अक्का.
त्या दुसऱ्याला रोज रान लागतंय.
बांधलं तर आधी दोरी खाईल, मग स्वतःला."

राखण पाहिजेच होती.
दिवाळीपासून सुताची तीन बाचकी गेली,
अक्कलकोट रोडच्या शेडचं कुलूप शाबूत.
दुसरी किल्ली अंबादासकडे.
मी लग्न होऊन आले तेव्हा सात वर्षांचा दीर,
माझ्या ताटात जेवलेला.

घरच्या माणसावर कुठलं कुत्रं भुंकतं?
आणि भुंकलं तरी,
तीस वर्षं मागाच्या खडखडाटात
कान कुठं उरलेत मला?

कारवानी उचललं.
सिद्राम बघतच राहिला.

आता पहाटे होटगी तलावाच्या कडेनं
ते सुटतं,
चारी पाय एकदम जमिनीवरून उठतात.
मी मागं, गुडघे धरत,
हातात रिकामा पट्टा,
खांद्यावर आपल्याच मागाचा टॉवेल.
साखर उतरली म्हणतात डॉक्टर.

काल अंबादास शेडच्या दारात उभा.
कुत्र्यानं त्याचा हात चाटला.
"वहिनी, हे काय राखणार?"

"काही नाही," म्हणाले.
"जाताना दार तेवढं ओढून घे."