सहापैकी किती

नदी एकच. या काठावर तिला तोर्निओ म्हणतात,
पलीकडे तोर्ने. पूल ओलांडला
की घड्याळ एक तास मागं येतं.
फिनलंडात जेवून निघालेला माणूस
स्वीडनमध्ये जेवणाआधी पोचतो.

मार्चभर मी दोन्ही काठांवर दारं ठोठावली.
पिशवीत एकाच प्रश्नाची दोन भाषांतरं:
आपल्या आसपासच्या माणसांचं बरं चालावं
हे तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?
एक म्हणजे मुळीच नाही. सहा म्हणजे फार.
मधल्या आकड्यांना नावं नाहीत.

आउलिक्की निस्का, वय एक्क्याऐंशी, पूर्व काठ.
प्रश्न तिनं दोनदा वाचायला लावला.
"आसपास म्हणजे कुठवर?
पोस्टाच्या पेटीपर्यंत, की त्याच्याही पुढं?"
सूचनापत्रकात तसं काही दिलेलं नाही, मी म्हटलं.
ती खिडकीबाहेर बघत बसली.
शेगडीवर माशाचं सूप उतू गेलं
तरी उत्तर येईना.
"तीन लिही," शेवटी म्हणाली.
"चार म्हटलं तर बढाई होईल."

मग सूप दोन डब्यांत ओतलं,
एक डबा लोकरीच्या मोज्यात कोंबला.
बायको गेल्यापासून पलीकडचा सिग्वार्ड
नुसता पाव खातो.
माझा एक वाजला की निघायचं,
बर्फावरून वीस मिनिटं,
म्हणजे त्याच्या साडेबाराला गरम पोचतं.
हे उत्तरात धरू का? मी विचारलं.
"ते सूप आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पश्चिम काठ.
सिग्वार्ड लांतो, त्र्याहत्तर. लाकडाच्या खोपटातून
कुऱ्हाड ठेवून आला, हात डिंकानं चिकट.
माझं वाक्य पुरं व्हायच्या आत: "सहा!
त्यासाठीच तर कर भरतो आम्ही.
कुणी कुणाच्या दारात जाऊ नये,
कुणाला कुणाचं मिंधं व्हावं लागू नये."
ओट्यावर डबा धुऊन पालथा घातलेला,
शेजारी मोजा, घडी केलेला.
माझी नजर गेली तसा तो ओशाळला.
"मी मागितलं नव्हतं," म्हणाला.

शेजारचं पिवळं घर कुणाचं?
"नवीन आहेत. दोन वर्षं झाली असतील.
उगाच जाऊन त्रास कशाला द्यायचा?"
त्यानं सही केली. कागद त्याच्या अंगठ्याला चिकटून
वर उचलला गेला.

पिवळ्या घरातही गेले. हेरातहून आलेली रोझिना,
मांडीवर झोपाळलेलं मूल.
आत्ता नको, म्हणाली, कागद ठेवून जा.
निघताना दारातूनच परत दिला.
मी न बघता पिशवीत टाकला.

परतताना बर्फावर वारा उठला.
पुढचा काठ नाही, मागचा नाही,
सगळं एकच पांढरं.
खरं सांगते, तोवर माझा निकाल लावून झाला होता:
तिकडे भाषण, इकडे सूप.
आणि मग स्प्रूसची फांदी, बर्फात रोवलेली.
तीस पावलांवर दुसरी. मग तिसरी.
एक आडवी झालेली कुणीतरी काढून
तिथं नवीन खोचली होती.
आधारासाठी धरली
तर हातमोजा तिला चिकटून बसला.
मी तिथं बराच वेळ उभी राहिले असेन,
पाय बधिर होईपर्यंत.

एप्रिलात कचेरीतून सरासरी आली.
पश्चिम काठ जवळजवळ एका गुणानं वर.
साहेबांना मथळा मिळाला, ते खूश.
फक्त एका कागदाची तक्रार होती:
आकड्याभोवती गोल नाही,
समासात वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं:

समोरचा म्हातारा साडेनऊला दिवा मालवतो.
ज्या रात्री मालवणार नाही
त्या रात्री आम्ही जाऊन बघू.

शेरा: उत्तर ग्राह्य नाही.
आणि खाली बारीक अक्षरात, कारकुनाची नोंद:
हा कागद दुसऱ्या एका कागदाला
चिकटून आला होता.
सोडवताना दोन्ही थोडे फाटले.