बरं का, प्रभू

बुधवारची कॉटेज मीटिंग, मोहननगरात,
ओहोळकाकांच्या पुढच्या खोलीत.
प्रार्थनेआधी कूलर बंद करायचे.
त्या खडखडाटात देवाला ऐकू येत नाही म्हणून नव्हे,
आम्हांला येत नाही म्हणून.

मग काका उठत.
"हे प्रभू, आम्ही, प्रभू, तुझे, बरं का, प्रभू,
आभार मानतो, प्रभू, की तू, प्रभू, या उन्हात, प्रभू…"
मी आणि रूबेन खिशात चिंचोके घेऊन बसलेलो.
एका प्रभूला एक चिंचोका, डाव्या खिशातून उजव्यात.
एकदा एकाहत्तर भरले,
तेही पाळकसाहेबांना गाडी गाठायची होती
म्हणून काकांनी थोडक्यात आटपलं तेव्हा.
"बरं का" वेगळा मोजायचा की नाही
यावरून आमचं जुंपलं,
आणि आमेनच्या जरा अलीकडे मला चिमटा बसला.

सलोमीकाकू म्हणायची, त्याला त्याचं नाव माहीत आहे हो.
काका म्हणत, अजनीच्या केबिनात तीस वर्षं
हॅलो हॅलो करत काढली मी.
मधून मधून आवाज नाही दिला
तर लाइन आहे का गेली, कसं कळन?

मी शिकले. माझी प्रार्थना निबंधासारखी झाली:
प्रस्तावना, मुद्दे, येशूच्या नावाने समारोप.
छापायला दे, रूबेन म्हणाला एकदा.

गेल्या मे महिन्यात काकांना झटका आला.
उजवा हात गेला. नावं गेली,
काकूचं, रूबेनचं, माझं, अजनीचं, संत्र्याचं.
डॉक्टर म्हणाले, सवयीचे शब्द कधी कधी मागे राहतात.
राहिले ते दोनच.
तहान लागली: प्रभू.
चहात साखर कमी: प्रभू!
कूलरमधलं पाणी संपलं, दारात पेपरवाला,
मांजर उशीवर: बरं का, बरं का.
काकू सगळे ओळखते.
"हा मिठाचा होता," ती सांगते, "मघाचा संडासाचा."

काल बुधवार. कूलर बंद केला.
पाळी फिरत काकांपाशी आली.
कोणीतरी हळूच पुढच्याला खुणावलं,
पण ते डाव्या हाताने खुर्ची धरून उठलेच होते.
"प्रभू.
बरं का.
प्रभू, प्रभू…"
यातला कोणता कशाचा, मला कळेना.
काकूकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले.
रूबेनची मूठ खिशात.
मीही सवयीने मोजत गेले, अकरापर्यंत.
मग काका थांबले,
मान जराशी कलती, एक कान पुढे,
केबिनात पलीकडचा बोलू लागला की
थांबत असतील तसे.

कूलर लावायला कोणी उठलं नाही.