मांड

हेर ओल्टमान्सचा आवाज अजून माझ्या पोटऱ्यांत राहतो.
"टाचा खाली! पाठ ताठ!
तोमके, घोड्यावर आहेस, झोपाळ्यावर नाहीस!"
मी आठ वर्षांची. चाबूक त्याने कधी मारला नाही,
नुसता स्वतःच्या बुटावर आपटायचा,
घोडा आणि मी एकदमच दचकायचो.

पुढे सव्वीस वर्षं टपाल वाटलं
पिवळ्या सायकलवर, तोंडावर वारा घेत
(इकडे वारा समोरूनच येतो, परतीच्या वाटेवरही).
पिशवीच्या पट्ट्याखाली डावा खांदा जो वर चढला
तो पिशवी गेली तरी उतरला नाही.
मला पत्ता नव्हता.
हाफरला होता. मी पाठीवर बसले की ती घोडी
गुमान डावीकडे वळायची.

हाफर गेशं हार्म्सची.
गेशं बहात्तरची, दोन्ही खुबे बदललेले,
समुद्राच्या बांधामागे तिची पागा,
सात घोडी आणि एक आंधळा मेंढा.
म्हटलं, मला शिकवायला शिकायचंय.
तिने हातात खरारा दिला.
तीन आठवडे नुसता खरारा.
"हात कुठे अडखळतो ते बघ," म्हणाली.
"तो अडखळला की ती श्वास धरते."

मग खोगीर नाही, रिकीब नाही,
डोळ्यांवर गेशंचा लोकरी स्कार्फ, त्याला चहाचा वास.
ओल्या वाळूवर हाफर संथ चालतेय.
"आत्ता मागचा कुठला पाय उचलला?"
उजवा.
"नाही."
डावा?
"अंदाज नको. बसायच्या हाडांना विचार."

हाडांना!
सेहेचाळीस वर्षं ज्यांच्यावर बसत आले
त्यांना एका शब्दाने कधी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबर असाच गेला, चुकीच्या उत्तरांत.
डिसेंबरात एकदा, भरतीच्या वेळी,
बांधापलीकडे टिटव्या ओरडत असताना
डावं हाड किंचित खाली गेलं, वर आलं,
जसं लाटेवर बसलेलं बदक,
आणि विचार करायच्या आत मी म्हणत होते
डावा. उजवा. डावा. उजवा.
गेशं काही बोलली नाही.
थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला फक्त.

पहिल्या परीक्षेत नापास.
शेरा: माहिती उत्तम, पण फार बोलते.
(दारोदार बोलत फिरलेली बाई मी. दुसरं काय करणार?)
दुसऱ्या वेळी निम्मं बोलले आणि पास झाले.

पहिला विद्यार्थी रेम्मर, नऊ वर्षांचा.
दात आवळलेले, मुठी आवळलेल्या,
लगाम असा धरलेला की जणू जहाज बुडतंय.
हाफर हलेना.
मी थांबले. आणखी थांबले.
आणि मग माझ्याच तोंडून, चाळीस वर्षांखालून,
"टाचा खाली!"

हाफरचे दोन्ही कान मागे गेले.
पोरगा लाकूड झाला.
माझा हात हवेत, बोटं बंद,
चाबूक नसून चाबूक धरलेली.

मी आधी घोडीची माफी मागितली.
मग त्याची. तो चक्रावून बघत राहिला,
मोठी माणसं असं करत नसावीत.
लोक म्हणतात मांड पक्की हवी.
मीही तेच सांगणार होते.
त्याऐवजी त्याचा गुडघा तळहातावर घेतला
आणि त्याचं वजन येईपर्यंत काही बोलले नाही.
बराच वेळ लागला.
मग तो हुश्श करून सुटला,
तो सुटला तशी हाफर फुरफुरली
आणि कुणीही न सांगता चालू लागली.

कुंपणापाशी त्याच्या बापाने विचारलं, काय शिकलास?
"माझ्या पोटात काय आहे ते तिला कळतं."
"काय आहे?"
"हेरिंग आणि पाव. थोडी भीती.
पण हेरिंग जास्त."

संध्याकाळी खोगिरं टांगत होते.
पागेच्या दुसऱ्या टोकाकडून, तोबरे भरता भरता,
मान वर न करता
गेशं एवढंच म्हणाली,
"खांदा."