गुडघा, दोन बाजूंनी

मी दोन वर्षं उशिरा जन्मलो.
एकाहत्तरचा तो गोल झाला तेव्हा
मी मिरजेत नव्हतो, कुठंच नव्हतो,
आईच्या लग्नाची बोलणी तेवढी चालली होती.

बाकी सगळी मिरज तिथं होती.
"मी होतो ना त्या दिवशी" असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं
त्यांना दाटीवाटीनं उभं करायचं म्हटलं तरी
रेल्वेचं मैदान
आरगेपर्यंत ताणावं लागेल.

लतीफ सतारमेकर, जंक्शन इलेव्हन.
तुंब्यांच्या गल्लीत वाढलेला.
तडकलेला भोपळा, जो वाद्याच्या कामाचा राहत नाही,
तो पोरांना मिळायचा लाथाडायला,
आणि भोपळा कधी सरळ जात नाही.
म्हणून चेंडू त्याला फार सोपा गेला, म्हणतात.

म्हणतात, अनवाणी खेळायचा, अंगठ्याला नुसती चिंधी.
म्हणतात, सांगलीची पॅसेंजर सिग्नल पडलेला असूनही
आऊटरला उभी राहायची,
फायरमन कोळशावर चढून बघायचा.
दादू न्हावी म्हणतो, डावा पाय. डावा म्हणजे डावाच.
वस्तरा गळ्यावर असताना मी वाद घालत नाही.
मिशन कंपाउंडातले फिलिप सर म्हणायचे, उजवा,
आणि खुर्चीतून उठून मारून दाखवायचे.
एकदा टीपॉय गेला, कपबशांसकट.

दादूच्या दुकानात फोटो आहे.
अकरा जण, हातांच्या घड्या, उन्हानं बारीक झालेले डोळे.
चेंडू कॅप्टनच्या मांडीवर, मांजरासारखा.
लतीफ अगदी कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर.
चाळीस वर्षं केस कापून घेताना मी त्याला बघतोय:
उभा.

वडील पॉइंट्समन. ड्युटी बुडवून गेले होते.
त्यांच्या गोलावर मी झोपी जायचो:
कोल्हापूरचा उंच गोली, शेवटची दोन मिनिटं,
वारा दर्ग्याच्या अंगानं,
चेंडू बाहेर चाललेला आणि मग
आठवण झाल्यासारखा आत वळलेला.
हात वळवून दाखवायचे, अंधारात.
शेवटच्या दुखण्यात, सिव्हिलच्या खाटेवर,
कुणी विचारलेलं नसताना म्हणाले,
"वारा होता रे. बिडी पेटंना.
पाठ फिरवून ओंजळ केली
आणि मागं आवाज झाला."
थोड्या वेळानं म्हणाले, "काडीपण विझली."

गेल्या मंगळवारी चिठ्ठी आली:
सतारमेकर लतीफ हुसेन, पु., ७८,
डावा गुडघा, दोन बाजूंनी.
तीस वर्षं मी एक्स-रे काढतोय,
नाव वाचून मान वर करत नाही सहसा.
दारात म्हातारा, नातवाच्या हाताला धरून.
चेहऱ्यावरून नाही ओळखला.
अर्धा खांदा चौकटीबाहेर होता.

टेबलावर घेतला. पाय माझ्या हातांनी वळवला,
हलका, वाळल्या भोपळ्यासारखा.
"हलू नका," म्हणालो.
किती जणांनी किती मैदानांत
हेच करून बघितलं असेल त्याच्यावर.
तो हलला नाही.

पडद्यावर सांध्यात फट उरलेली नव्हती.
हाडाला हाड, आणि कडेला एक जुना मार,
कधीतरी वाकडाच भरून आलेला.
"चाचा," म्हटलं, "तो कोल्हापूरवरचा गोल..."
ते पायजमा खाली ओढत होते.
"मला कुठं दिसला, बाळ?
मारतानाच पडलो मी. तोंडात माती.
उठून बघतोय तर लोक मैदानात.
बघितला असंल कुणीतरी."

नातू चपला शोधत होता टेबलाखाली.
थांबा जरा, म्हणालो, पडा परत.
चिठ्ठीत नसताना
उजव्याचाही एक काढला.
त्याचे पैसे लावले नाहीत.