नऊ वाजून दोन मिनिटं

मी विरोधात हात वर केला होता.
इतिवृत्तात तशी नोंद आहे: बाजूने एकतीस, विरोधात एकोणीस,
आणि ऐली कोस्केला, वय ब्याऐंशी, तटस्थ,
ऐकू कमी येतं म्हणून.
नंतर कोट चढवताना ती म्हणाली,
मला सगळं ऐकू आलं होतं, एइनो.

मी चर्चचा खजिनदार. विमा कंपनीचं पत्र माझ्याच खिशात होतं.
बॉयलर म्हातारा, तळघराला दार एकच,
वीस खाटांचं भाडं, वीस उशांची धुलाई.
मी आकडे वाचून दाखवले. आकडे खरे होते.
तरी एकतीस हात वर गेले,
त्यात एक माझ्या बायकोचा.
त्या रात्री जेवताना आम्ही एकमेकांकडे
फक्त मीठ मागितलं.

आता जानेवारी. थंडर बेमध्ये उणे एकतीस.
सरोवर गोठलंय, धान्याच्या कोठारांवरचे दिवे
धुरकटून गेलेत. बर्फावर पाऊल टाकलं
की कोरडी भाकरी मोडल्यासारखा आवाज येतो.
गुरुवारची रात्र माझ्या वाट्याला आली,
कारण गुरुवार कुणालाच जमत नव्हता
आणि किल्ली कुठल्या खिळ्याला असते
ते विरोध करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप,
फिनलंडहून आलेल्या आजोबांपासून चालत आलेलं.
ऐली पळी धरते, पाद्रीणबाई बशा पुसतात,
कुणाला काय झालं, कसं झालं, हे विचारायचं नाही
असं ठरलंय. मिरपूड हवी का, एवढंच विचारायचं.
रविवारच्या शाळेच्या फळ्यावर खडूचा जिराफ आहे,
नौकेत न मावलेला.
त्याच्या पायाशी एक माणूस झोपतो, बूट उशाला घेऊन.
बूट चोरीला जातात, असं तो म्हणाला.
इथे नाही जाणार, मी म्हणालो.
त्याने मान हलवली आणि बूट तिथेच ठेवले.

नऊला दार बंद. हा नियम मीच लिहिलाय,
मीच टाइप केलाय, मीच चिकटवलाय.
पहिल्याच गुरुवारी मी कडीला हात घातला
आणि दारालगतच्या खुर्चीतून आवाज आला,
दोन मिनिटं थांब, कुणीतरी पळत येतंय.

लाल लोकरी टोपी, मांडीवर दोन पिशव्या.
बाई, नियम आहे.
ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली,
तू कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरातला.
एक बूट पायात आणि एक हातात.

चौदा नंबरची शाळेची बस.
आरशात दिसणारे दोन डोळे.
मिसेस पेल्टिए.
सहा वर्षं रोज सकाळी ती गाडी थांबवून ठेवायची,
मागची पोरं ओरडायची, ती बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरायची.
मला वाटायचं, बसची वेळच ती असते.
माझ्यासाठी कुणी थांबतंय,
हे बावन्न वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी काही बोललो नाही. तिनेही
पुढची हकीकत सांगितली नाही:
ती मला नंतर तीन जणांकडून तीन तऱ्हांनी कळली,
नवऱ्याचं आजारपण, घर, मुलाने विकलेली गाडी.
त्यातलं कुठलं खरं, मी विचारलेलं नाही.

दार उघडं राहिलं. तळघरातली ऊब,
जिचा दर मला पै-पैशाने माहीत आहे,
बाहेर जात होती.
आणि खरंच, चौकातून एक पोरगा पळत आला,
विशीचा, एका हातात मोजा नाही,
कोट पोटाशी गच्च धरलेला.
आत आला, भिंतीला टेकला, धापा टाकत राहिला.
कोट हलला. कोटातून एक कान दिसला.

कुत्र्यांना मनाई. नियम चौथा, लेखक मीच.
मिसेस पेल्टिए छताकडे बघत होती.
ऐलीला त्या क्षणी काहीच ऐकू येत नव्हतं.

मी कडी लावली. नोंदवहीत लिहिलं:
माणसं एकवीस. दार नऊ वाजता बंद.
तीस वर्षांच्या हिशेबात माझी ही पहिली खोटी नोंद.
शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो.
फळ्याखाली कोट शिंकला.